परळीच्या घरातला राउटर

* ‘दिवा लागला, पण नेट नाही’ : बीएसएनएलने जानेवारी २००५मध्ये ‘डेटावन’ ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली. परळी वैजनाथसारख्या गावांत फोनची तांब्याची तार आधीच घरापर्यंत आलेली होती, तीच इंटरनेटला कामी आली.

बोलणे चार किलोहर्ट्झच्या आत मावते, डेटा पंचवीसच्या वर धावतो. दोघांना वेगळे करते ती स्प्लिटरची डबी; ती वगळली की फोनमध्ये खरखर.

राउटरमध्ये ‘पीपीपीओई’ निवडून व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ आणि मग वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड भरावा लागे. यात चूक झाली तरी डीएसएलचा दिवा स्थिर राही, कारण तो फक्त एक्स्चेंजशी तार जुळल्याचे सांगतो. घरचे मात्र लाइनमनलाच बोलावणे धाडत.