गढी म्हणजे नेमकं काय? मराठवाड्यातल्या गढ्या ढासळल्या कशामुळे?

नांदेड, लातूर, हिंगोलीकडच्या बऱ्याच जुन्या गावांत ‘गढी’ नावाची एक जागा असते. कुठे बुरूज उभा दिसतो, कुठे दरवाजाची कमान, तर कुठे पांढऱ्या मातीचा नुसता उंचवटा. हा वाडा होता की किल्ला? खरं तर दोन्ही.

गढीत कोण राहायचं?

देशमुख, देशपांडे, पाटील किंवा जहागीरदार. देशमुख परगण्याचा सारा गोळा करायचा आणि बंदोबस्त पाहायचा, देशपांडे हिशेब ठेवायचा. म्हणजे गढी हे घर होतंच, शिवाय कचेरी आणि धान्याचं कोठारही होतं. वसूल झालेला पैसा आणि धान्य तिथेच असल्यामुळे लुटीची भीती कायम असायची.

हदगावचा भाग तर सरहद्दीवरचा. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे वऱ्हाड, जिथे १८५३ पासून इंग्रजांचा कारभार होता. त्याआधी नांदेडच्या उत्तरेकडच्या याच पट्ट्यात हटकरांचे नायक नोवसाजी नाईक यांनी निजामाविरुद्ध उठाव केला होता. तो मोडायला निजामाच्या फौजेला जानेवारी १८१९ मध्ये नोव्हाच्या किल्ल्याला वेढा घालावा लागला. अशा काळात जाड भिंत ही गरजच होती.

बांधणी कशी असायची?

गढी शक्यतो गावातल्या उंच जागी. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यांना बुरूज आणि त्यात बंदुकीसाठी जंग्या. मोठ्या दरवाजात एक छोटा दिंडी दरवाजा असायचा. त्यातून वाकूनच आत यावं लागे, त्यामुळे एका वेळी एकच माणूस शिरू शकायचा.

आत गेलं की आधी पहारेकऱ्यांची देवडी, मग चौक आणि त्याभोवती ओसरी, माजघर, देवघर. धान्यासाठी भिंतीतली बळदं आणि जमिनीखालची पेवं. वेढा पडला तरी पाणी मिळावं म्हणून आतच आड.

छत माळवदाचं. लाकडी खांबांवर तुळया, त्यावर आडवी लाकडं, फळ्या किंवा काड्या आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं. पण दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकून ती चोपावी लागायची. म्हणजे गढी टिकवायची तर दरवर्षी माणसं आणि पैसा लागणारच.

मग बिघडलं कुठे?

हा खर्च ज्या अधिकारातून निघायचा, तो अधिकारच हळूहळू गेला. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी लागू केली. वसुली सरकारी अधिकाऱ्यांकडे गेली, देशमुख-देशपांड्यांच्या हाती ठरलेली रक्कम राहिली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळालं. जमीन कसणाऱ्यांसाठी हा मोठा दिलासा होता. गढीच्या डागडुजीला मात्र ना पैसा उरला, ना हक्काची माणसं. त्यातच वारस वाढले, वाटण्या झाल्या आणि बरीच कुटुंबं शहरात गेली.

एकदा माळवद गळायला लागलं की पाणी भिंतीत मुरतं, लाकूड कुजतं आणि आधी छत, मग भिंत खाली येते.

किल्लारीनंतर काय बदललं?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यावरची जड माळवदं कोसळून हजारो माणसं गेली. त्यानंतर माळवदाच्या घरात झोपायचीच लोकांना धास्ती बसली. पण भिंती पडूनही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, अशी घरंही तेव्हा दिसली. म्हणजे जुन्या बांधणीतलं सगळंच टाकाऊ नव्हतं. मुख्य दोष भिंतीच्या रचनेत आणि छतावर वाढत गेलेल्या वजनात होता.

गढ्या वाचू शकतात का?

सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा, म्हणजे जिजाऊंचं जन्मस्थान, सरकारी संरक्षणात आहे. बहुतेक गढ्यांना असं संरक्षण नाही, कारण त्या खासगी आहेत आणि त्यांच्याशी एवढं मोठं नाव जोडलेलं नाही. निदान उरलेल्या बांधकामाची मापं, फोटो आणि जुन्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवणं गावाच्या हातात आहे. सारा कसा गोळा व्हायचा, धान्य कुठे साठायचं, पहारा कोण द्यायचं, हे सांगू शकणारी माणसंही आता थोडीच उरली आहेत.