‘स्त्री’ ते ‘गृहशोभिका’ : मराठी मासिकांतील स्त्रीपुरुषप्रतिमा

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर हिंदूराव हे मराठी नाव पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिले आहे. कागलकर घाटगे घराण्यातील सर्जेरावांचे पुत्र आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव यांनी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा टेकडीवरील बंगला घेतला. १८५७च्या वेढ्यात इंग्रजी फौजेने तेथेच ठाणे मांडले. पुढे त्या जागी रुग्णालय झाले आणि टेकडीखालच्या वस्तीस ‘बाडा हिंदूराव’ असे नाव पडले. दौलतरावांच्या मृत्यूनंतर १८२७पासून १८३३पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार ज्यांनी प्रत्यक्ष हाकला, त्या बायजाबाईंचे नाव मात्र दिल्लीकराच्या तोंडी नाही. या वस्तीच्या अंगाने जाणाऱ्या रस्त्याला दुसऱ्या एका मराठी स्त्रीचे, झाशीच्या राणीचे, नाव आहे. तिचे स्मरण लोकांनी ठेवले, पण ते ‘मर्दानी’ या विशेषणासह. स्त्रीच्या पराक्रमाला शब्द हवा होता आणि तो पुरुषाकडून उसना घ्यावा लागला.

याच राणी झाशी मार्गावर, झंडेवालान भागात, दिल्ली प्रेस या प्रकाशनसंस्थेची इमारत आहे. १९४५ साली ‘सरिता’ आणि १९७९ साली ‘गृहशोभा’ ही हिंदी मासिके काढणाऱ्या या संस्थेनेच ‘गृहशोभिका’ हे मराठी मासिक चालविले. तलवार उगारलेली राणी आणि घर सजविणारी गृहिणी अशा दोन प्रतिमा एकाच रस्त्यावर यायला मराठी नियतकालिकांचा शंभर वर्षांचा प्रवास व्हावा लागला. त्या प्रवासात स्त्री कशी रंगविली गेली याविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. पुरुष कसा रंगविला गेला, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला. वास्तविक हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत.

या वादाचा आरंभच वृत्तपत्रीय लेखनाच्या प्रतिक्रियेतून झाला आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले, त्याने संतापून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. स्त्रियांच्या माथी मारलेले एकेक दुर्गुण घेऊन ते पुरुषांत अधिक कसे आढळतात, हे दाखविण्याची त्यांची पद्धत आजही ताजी वाटते. छापील मजकूर माणसांचे साचे बनवितो, हे त्यांनी नेमके हेरले होते. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणले. नव्वद वर्षे ज्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तो प्रश्न मासिकांनी या काळात आपापल्या परीने, बहुधा सौम्य करून, हाताळला.

हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ने १८९०पासून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. तीत एका विधवेचे आत्मकथन आहे. लेखणी अर्थातच पुरुषाची. द. ब. पारसनीस यांनी १८९४ साली लक्ष्मीबाईंचे आणि १९०२ साली बायजाबाईंचे चरित्र लिहिले. म्हणजे याच सुमारास मराठी वाचकासमोर एकीकडे सोसणारी यमू होती आणि दुसरीकडे राज्य करणाऱ्या राण्या होत्या. नियतकालिकांच्या पानांवर अधिक रुळली ती यमू. करुणेला वाचक लवकर मिळतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र एक वेगळी घटना घडली. सत्यशोधक परंपरेतील ‘दीनबंधु’ हे पत्र पतीच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी संपादक म्हणून चालविले. ‘दीनबंधु’ हे स्त्रियांचे पत्र नव्हते. ते बहुजन समाजाचे, सार्वजनिक प्रश्नांचे पत्र होते. संपादकाच्या खुर्चीवर स्त्री बसली आणि तरीही पत्र ‘बायकांचे’ झाले नाही, ही गोष्ट मराठी पत्रकारितेच्या इतिहासात जेवढ्या ठळकपणे नोंदविली जायला हवी होती तेवढी नोंदविली गेलेली नाही. पुढचा मार्ग याच्या उलट दिशेने गेला.

तो मार्ग आखला किर्लोस्करवाडीने. लोखंडी नांगर बनविणाऱ्या कारखान्याचे गृहपत्र म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, हे त्याचे संपादक. स्वतः चित्रकार व व्यंगचित्रकार. पाहता पाहता ग्राहकांसाठी काढलेले हे पत्र मध्यमवर्गाचे मासिक झाले आणि १९२९मध्ये त्याने ‘किर्लोस्कर’ हे नाव धारण केले. उद्योग, यंत्र, स्वावलंबन आणि विज्ञाननिष्ठा हे त्याचे विषय होते, सावरकरांचे रूढिभंजक निबंध हे त्याचे भूषण होते. त्याचा आदर्श वाचक कोण, हे त्याला कधी सांगावे लागले नाही. तो कर्तबगार, नोकरीऐवजी धंदा करू पाहणारा, जुन्या रूढींवर हसणारा तरुण पुरुष होता. १९३० साली याच संस्थेने ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ सुरू केले. एक घर, तीन मासिके. घरातील स्त्रीला तिचे मासिक मिळाले, तरुणांना त्यांचे मिळाले. पुरुषासाठी ‘पुरुष’ नावाचे मासिक काढावे असे कोणाला वाटले नाही. त्याची गरजच नव्हती. जे सर्वांसाठी होते ते त्याचेच होते.

‘स्त्री’चे ऐतिहासिक कार्य कमी लेखण्याचे कारण नाही. शिक्षण, प्रौढविवाह, विधवाविवाह, घटस्फोट, अर्थार्जन अशा विषयांवर लिहिण्याचे धैर्य त्या पानांनी शेकडो स्त्रियांना दिले. पत्ररूपाने का होईना, आपले नाव छापून यावे, ही भावना खेड्यापाड्यांतल्या वाचकांत रुजविली. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आला आणि लेखिका कोण या कुतूहलाने महाराष्ट्र ढवळून निघाला. अशा काळात स्त्रीच्या स्वतःच्या नावाला जागा देणे ही साधी गोष्ट नव्हती. मात्र या जागेला भिंती होत्या. अर्थकारण, राजकारण व यंत्र ‘किर्लोस्कर’मध्ये, पाककृती, विणकाम, बालसंगोपन आणि संसारातील पेच ‘स्त्री’मध्ये. सुधारणा झाली ती स्त्रीची; पुरुषाची भूमिका सुधारकाची राहिली. नवरा समंजस असावा, पत्नीला शिकवावे, तिच्या मतास मान द्यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. त्याने स्वयंपाकघरात यावे हा विषय बराच काळ विनोदी लेखांच्या आणि व्यंगचित्रांच्या ताब्यात राहिला. शिवाय जी स्त्री या पानांवर दिसे ती प्रामुख्याने उच्चजातीय, शिक्षित, शहरी होती. शेतात, गिरणीत वा दुसऱ्याच्या घरी राबणारी बाई आली तर ती लेखाचा विषय म्हणून येई, लेखिका म्हणून क्वचितच.

पुरुषाच्या प्रतिमेला खरा धक्का एकाच मासिकाने दिला. ते म्हणजे र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’. जुलै १९२७पासून १९५३ साली कर्वे यांचे निधन होईपर्यंत ते चालले. त्याच्या मुखपृष्ठावरील नग्न चित्रांची चर्चा नेहमी होते. शरीराविषयीची लाज घालविण्याचा हेतू सांगणाऱ्या त्या चित्रांतही बहुधा स्त्रीदेहच असे, हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. अधिक महत्त्वाची होती ती आतली प्रश्नोत्तरे. हस्तमैथुन, नपुंसकत्व, समसंभोग यांविषयी घाबरलेल्या पुरुषांची पत्रे तेथे छापली जात आणि कर्वे त्यांना कोरडी, शास्त्रीय उत्तरे देत. कर्तबगार नायकांनी भरलेल्या त्या काळच्या मासिकसृष्टीत भ्यालेला, अज्ञानी, स्वतःच्या शरीराने गोंधळलेला पुरुष जर कोठे दिसत असेल तर तो याच पानांत. १९३४ साली या प्रश्नोत्तरांवरून खटला झाला. बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि असे प्रश्न विकृत मानले तरी ती विकृती दूर करण्यास ज्ञान हाच उपाय आहे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. पुरुषाची भीती छापणे हा गुन्हा ठरला.

स्वातंत्र्योत्तर काळात मासिकांचा व्यवहार पालटला. दिवाळी अंकांची बाजारपेठ वाढली, जाहिरातींचे उत्पन्न महत्त्वाचे झाले. साबण, वनस्पती तूप, शिवणयंत्र यांची खरेदी जिच्या हाती ती स्त्री मुखपृष्ठावर विराजमान झाली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोन गोमंतकीय चित्रकारांनी तिला जे रूप दिले ते एका पिढीच्या सौंदर्यकल्पनेचा भाग बनले. दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ काढला. ही चित्रे गुणवत्तेने उच्च प्रतीची आहेत, यात शंका नाही. तरीही मुखपृष्ठावर स्त्री आणि अनुक्रमणिकेत पुरुष, अशी विभागणी त्यातून रूढ झाली. विनोदी अंकांतील खिडकीचित्रांनी याच स्त्रीला चावट नजरेचा विषय केले. त्या चित्रांतला पुरुष एकतर टपलेला असे, नाहीतर लाटणे घेतलेल्या बायकोपुढे थरथरणारा. हा दुसरा साचाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. भित्र्या नवऱ्याच्या विनोदाने घरातील मारहाणीवर पडदा टाकण्याचे काम बिनबोभाट केले.

मासिकांची नावेही बोलकी आहेत. पु. वि. बेहेरे यांच्या एकाच संस्थेतून ‘मेनका’ आणि ‘माहेर’ निघावीत, यात तत्कालीन अभिरुचीचा सारा नकाशा आहे. एक अप्सरा, दुसरी लेक. ‘रंभा’ नावाचेही मासिक होते आणि त्याने तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत मजल मारली. त्याच्या १९६२च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असे कथानक. दिल्लीत न्यायमूर्तींनी ती मराठी कथा तपासली आणि १९६९ साली ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. निर्णय योग्यच होता. मात्र वाचकाचे मन बिघडेल काय, एवढाच कायद्याचा प्रश्न होता. त्या तीन स्त्रिया एका पुरुषाच्या जीवनातील तीन टप्पे म्हणूनच का याव्यात, हा प्रश्न दंडसंहितेच्या कलमात बसणारा नव्हता. स्त्रीच्या प्रतिमेचा स्वतंत्र विचार करणारा कायदा १९८६ साली आला, तोही ‘असभ्य’ चित्रणापुरता. सभ्य चित्रणातला साचा त्याच्याही कक्षेबाहेर राहिला.

१९७४च्या ‘समानतेकडे’ या सरकारी अहवालानंतर आणि १९७५च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर चित्र बदलू लागले. १९७७ साली ‘बायजा’ निघाले. दिल्लीचे ‘मानुषी’ यानंतरचे, हे दिल्लीतील अभ्यासकांच्या ध्यानात सहसा नसते. मेनका-रंभांच्या शेजारी खेड्यातल्या एका बाईचे नाव मुखपृष्ठावर आले. ग्वाल्हेरच्या बायजाबाईंशी असलेले नामसाम्य हा केवळ योगायोग. विद्या बाळ यांनी ‘स्त्री’मध्ये सुमारे दोन दशके काम केले, त्यांपैकी १९८३ ते १९८६ ही वर्षे संपादकपदावर, आणि ऑगस्ट १९८९मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. ‘स्त्री’ हे नाव एकवचनी, जातिवाचक; ‘साऱ्याजणी’ अनेकवचनी. स्त्री एकच एक नसते, हे नावातच मान्य झाले. तेथे पुरुषांनाही लिहिण्यास आणि स्वतःविषयी बोलण्यास जागा होती.

पुरुषाचे नाव शीर्षकात यायला शतक सरत आले. पत्नीला मारहाण होऊ नये असे मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावे, असे आवाहन १९९१ साली मुंबईतील वृत्तपत्रांतून झाले आणि त्यास २०५ जणांनी प्रतिसाद दिला. त्यातून १९९३ साली ‘मावा’ ही संघटना उभी राहिली आणि १९९६पासून ‘पुरुष स्पंदनं’ हा तिचा वार्षिक अंक निघू लागला. ‘किर्लोस्कर’ला जे सांगावे लागले नव्हते ते या अंकाने मुद्दाम सांगितले: हा पुरुषाविषयीचा मजकूर आहे. सर्वसामान्य माणूस म्हणून वावरणारा पुरुष प्रथमच एक विशिष्ट प्रकारचा माणूस म्हणून तपासला जाऊ लागला. अंकाचा प्रसार मर्यादित होता. खपाची तुलना ‘माहेर’शी करण्याचे कारण नाही.

‘गृहशोभिका’कडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. तिची सहज टिंगल करता येईल, पण ती न्याय्य होणार नाही. दिल्ली प्रेसचे संस्थापक विश्वनाथ यांनी ‘सरिता’तून कर्मकांडावर आणि धर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणावर सातत्याने टीका केली. त्वचेची निगा आणि फराळाचे पदार्थ यांच्या शेजारी व्रतवैकल्यांच्या निरर्थकतेवर लेख, ही त्या घराण्याची रीत होती. म्हणजे वाचक स्त्री विवेकी असावी, देवभोळी नसावी, हा आग्रह. आणि तिचे क्षेत्र मात्र घर. किर्लोस्करवाडीच्या भिंती झंडेवालानमध्येही तशाच उभ्या होत्या, फरक एवढाच की येथे मजकूर अनेक भारतीय भाषांच्या आवृत्त्यांतून फिरत असल्याने कोणत्याही एका गावाची बाई त्यात ओळखू येत नसे. मराठी आवृत्तीने नाव घेताना एक बदल केला, तो कदाचित नकळत झाला असेल. हिंदी ‘गृहशोभा’ म्हणजे घराची शोभा. ती भिंतीच्या रंगाची, फुलदाणीचीही असू शकते. मराठीत तिला ‘इका’ हा स्त्रीवाचक प्रत्यय लागला आणि शोभा आणण्याचे काम कोणाचे, हे शीर्षकातच पक्के झाले.