कोळशाच्या खाणीतली जोडी

काय हवे ते वरिष्ठांनी सांगायचे आणि काम कसे वाटून घ्यायचे ते करणाऱ्यांनी ठरवायचे, या 'स्वयंशासित गटा'च्या पद्धतीला आज कंपन्यांत आधुनिक व्यवस्थापनाची देणगी समजतात. तिचे कूळ मात्र इंग्लंडच्या कोळसा खाणींत आहे, आणि माझ्या मते ती देणगी नाही, कामगारांकडून काढून घेतलेली वस्तू आहे. यंत्रे येण्यापूर्वी तिथे दोघा-तिघांची जोडी खाणीतला एक तुकडा अंगावर घेई. कोळसा फोडणे, भरणे, छताला टेकू देणे, सगळे तीच करी. जोडीदार एकमेकांना स्वतः निवडत आणि मजुरी वाटून घेत. एखादा जायबंदी झाला किंवा दगावला, तर त्याच्या घरच्यांकडे पुष्कळदा जोडीदारच पाहत असे.

मग लांब भिंतीची यांत्रिक पद्धत आली. सुमारे चाळीस माणसे तीन पाळ्यांत वाटली गेली: एका पाळीने कापायचे, दुसरीने वाहक पट्टा पुढे सरकवायचा, तिसरीने कोळसा भरायचा. भरणाऱ्याच्या वाट्याला भिंतीचा आठ-दहा यार्डांचा तुकडा येई आणि तिथे तो एकटा असे. आधीच्या पाळीने कापणी वाईट केली, की त्याचे हाल त्याने भोगायचे. पण ज्यांनी ती केली ते केव्हाच घरी गेलेले असत. त्याचे भरणे अपुरे राहिले तर दुसऱ्या दिवसाचे सगळे चक्र अडे. खाडे वाढले, चुका एकमेकांवर ढकलल्या जाऊ लागल्या. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी 1951 साली हे मांडले. बॅमफर्थ स्वतः अठरा वर्षे खाणकामगार होते. दोष माणसांच्या आळसात नसून कामाच्या मांडणीत आहे, हे त्या निबंधाचे म्हणणे त्यामुळेच मला विशेष वजनदार वाटते.

यंत्र आले की जुनी जोडी मोडणारच, असा आक्षेप यावर सहज घेतला जाईल. इंग्लंडमधल्याच डरहॅमच्या खाणींनी त्याला उत्तर दिले. तिथे सारख्याच थरात, सारख्याच यंत्रांवर दोन पद्धती चालू होत्या. वाटून दिलेल्या कामात गैरहजेरी 20 टक्के होती. सगळ्यांनी सगळी कामे आलटून पालटून करून मजुरी सारखी वाटून घेतली तिथे 8.2 टक्के. उत्पादन अनुक्रमे क्षमतेच्या 78 आणि 95 टक्के. हा संशोधकांच्या लक्ष देण्याचा परिणाम म्हणावा, तर लक्ष दोन्हीकडे होते. मजुरीच्या वाटणीचा यात हात होता, हे मात्र मान्य केले पाहिजे. पण ती वाटणीसुद्धा जुन्या जोडीचीच रीत होती. खाणकामगारांची जातच निराळी, असे म्हणावे तर 1953 साली टॅव्हिस्टॉकचेच ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित मागांवर प्रत्येकाचे काम तुकड्यातुकड्याने ठरलेले होते. राइस यांनी गटाची कल्पना सुचवताच कामगारांनी ती उचलून धरली आणि गट स्वतःच पाडले. कापडाची खराबी घटली, उत्पादन वाढले. 1970च्या सुमारास टॅव्हिस्टॉकच्याच एरिक मिलर यांनी तिथे फिरून पाहणी केली, तेव्हा एका खात्यात ही पद्धत जवळजवळ जशीच्या तशी होती. स्वयंचलित मागांच्या खात्यात, भोवतालची परिस्थिती बदलत गेली तशी, ती विरत गेली होती.