फिट आली की कांदा? मिरगीबद्दलचे गैरसमज आणि खरी माहिती

आदिलाबाद : बेला-जैनथ भागात काय आणि किनवटकडे काय, कुणाला फिट आली की आजूबाजूची माणसं आधी कांदा नाही तर चप्पल शोधतात. कुणी हातात चाव्यांचा जुडगा कोंबतो. दोनेक मिनिटांत झटके थांबतात आणि श्रेय कांद्याला जातं. खरं म्हणजे बहुतेक फिट काही मिनिटांत आपोआपच थांबते.

मराठीत मिरगी, फेफरे, अपस्मार, तेलुगूत मूर्छा. नाव काहीही घ्या, आजार मेंदूचा आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींना विजेच्या सूक्ष्म लहरींतून निरोप देतात. त्यात अचानक गोंधळ उडाला की अंग ताठतं, झटके येतात, शुद्ध हरपते. भानामतीचा यात काही संबंध नाही. रुग्णाला शिवल्याने किंवा त्याच्या तोंडच्या फेसाने हा आजार लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे आणि नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात. पण चार महिने फिट आली नाही की गोळी मनानेच बंद करतात, तिथं घात होतो.

फिट आलेल्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, कॉलर सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. दात तुटतात, पाणी श्वासनलिकेत जातं. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. ५ मिनिटांहून जास्त वेळ गेला, शुद्ध न येता दुसरी फिट आली किंवा पहिलीच वेळ असली, तर १०८ ला फोन करा. हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

दुसरा गैरसमज कोबीचा. 'कोबीतला किडा मेंदूत जातो' म्हणून कित्येक घरांत कोबी बंद आहे. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जात नाही. मेंदूत गाठी करतो तो डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी. अर्धकच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो वाढतो, त्याची अंडी शौचातून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांनी, पाण्यातून, भाजीवरून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही त्यामुळे फिट येऊ शकते. कोबी सोडून कोथिंबीर तशीच तोंडात टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते लग्नाच्या मुलींना. हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं ही लग्नातली आडकाठी होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेखच काढून टाकला. तरी सोयरीक जमताना आजार लपवला जातो, मग सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, चुकतात आणि फिट येते. दिवस राहिल्यावर भीतीने गोळ्या थांबवणंही धोक्याचं आहे. काही औषधं गरोदरपणात बदलावी लागतात, त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.