निवडुंगाचे दप्तर

पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे देऊळ आहे. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी पुण्यात उतरते ती या देवळात, आणि निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून देवाला हे नाव पडले, असे सांगतात. सोट्या म्हसोबा, जिलब्या मारुती अशी नावे बिनदिक्कत ठेवणाऱ्या या शहरात त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मात्र ती जाळी कोणत्या निवडुंगाची, हा प्रश्न एकाही वारकऱ्याने विचारल्याचे ऐकिवात नाही, आणि वनस्पतींच्या इतिहासाची थोडीबहुत गोडी असलेल्या माणसाला तर नेमका तोच प्रश्न तेथे उभा राहिल्यावर सुचतो.

कारण मराठीत निवडुंग या एका नावाखाली दोन सर्वस्वी भिन्न कुळे नांदतात. एक देशी: ज्याला आपण थोर म्हणतो, संस्कृतात स्नुही, सुधा, वज्र अशी ज्याची नावे आहेत, ज्याच्या चिकाची तीक्ष्ण रेचक म्हणून चरक-सुश्रुतांना ओळख होती आणि ज्याच्या चिकात हळद व आघाड्याचा क्षार घालून वैद्य आजही क्षारसूत्र नावाचा औषधी दोरा तयार करतात. दुसरे कुळ परदेशी: नागाच्या फड्यासारखे चपटे, काटेरी पेर असलेला फड्या निवडुंग. ओळखण्याची खूण सोपी आहे. थोराला नख लावले की दुधासारखा चीक येतो, फड्याला कितीही कापा, नुसते पाणी सुटते. कॅक्टस म्हणून जे कुळ ओळखले जाते ते मूळचे अमेरिकेचे. श्रीलंकेत व आफ्रिकेत आढळणारी एक झाडावर लोंबणारी जात सोडली तर कोलंबसापूर्वी जुन्या जगाला त्याची गंधवार्ता नव्हती. आगंतुकाने काट्यांच्या साम्यावर यजमानाचे नाव घेतले आणि घर बळकावले, असा हा प्रकार आहे. रॉक्सबर्गसारखा जाणता वनस्पतिशास्त्रज्ञही त्याला फसला आणि त्याने या परदेशी झाडाला ‘इंडिकस’ म्हणजे हिंदुस्थानी असे नाव बहाल केले.

या आगंतुकाची खरी चौकशी कंपनी सरकारने केली ती काट्यासाठी नव्हे, रंगासाठी. मेक्सिकोतील लोक नोपाळ नावाच्या फड्यावर एक बारीक किडा पाळीत, मादी वाळवून तिच्यापासून किरमिजी रंग काढीत, आणि स्पेनने त्या धंद्याचा मक्ता इतक्या कडेकोट बंदोबस्तात राखला होता की चांदीच्या खालोखाल त्या मुलखातून बाहेर जाणारा मौल्यवान माल तोच होता. एक पौंड वजनाला सुमारे 70 हजार किडे लागत. इंग्रज सैन्यातील अंमलदारांचे तांबडे अंगरखे याच रंगात बुडत असल्यामुळे, तो रंग आपल्या अंमलाखालील मुलखात पिकावा अशी कंपनीची इच्छा असणे ओघानेच आले; मद्रासचे डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला आणि किडा येण्याच्या आधी त्याच्या चाऱ्याची, म्हणजे नोपाळची, बाग उभी केली. अखेर 1795 साली कॅप्टन नीलसन नावाच्या गृहस्थाने ब्राझीलमधून काही जिवंत किडे कलकत्त्यास आणून पोहोचविले आणि ते रॉक्सबर्गच्या स्वाधीन झाले.

पण किडा भलताच निघाला. मेक्सिकोत पिढ्यान्पिढ्या पाळलेली ती गुणी जात नव्हती, तिची रानटी, हलक्या रंगाची भावकी होती. रंगाचा धंदा बसला. किडा मात्र बसला नाही. त्याने उत्तर व मध्य हिंदुस्थानातील फड्याची एक अख्खी जात खाऊन फस्त केली, म्हणजे ज्या कुरणासाठी एवढी तजवीज केली ते कुरणच गिळले. या फजितीतून निघालेला धडा मात्र मोलाचा ठरला: 1863 च्या सुमारास हाच किडा हेतुपुरस्सर दक्षिणेत व तेथून लंकेत नेण्यात आला आणि किड्याकरवी तण मारण्याचा जगातील पहिला दाखला म्हणून ती गोष्ट शास्त्रीय ग्रंथांत नोंदली गेली. माझ्या मते कंपनीच्या शेतीविषयक उपद्व्यापांपैकी सर्वांत उपयुक्त तो हाच, आणि तोही चुकून झालेला.

दख्खनमध्ये ज्या फड्याचे राज्य होते ती जात निराळी. कुक साहेबांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला त्यात ती परदेशाहून आलेली म्हणून दाखल आहे. गावकुसाला, मळ्याच्या बांधाला, पडक्या गढीला तिचेच कुंपण असे. दुष्काळात काटे जाळून तेच फडे गुरांपुढे टाकीत, आणि लाल बोंडे जमिनीवर घासून, बारीक कुसळे काढून, जीभ रंगेपर्यंत खाण्याचा उद्योग आमच्या पिढीतील खेड्यातल्या मुलांनी मनसोक्त केला आहे. (एक कुसळ राहून गेले तर ओठाची काय अवस्था होते, हे ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल.) परंतु उपयोगापेक्षा उपद्रव मोठा होता, आणि त्याचे मूळ झाडाच्या एका विलक्षण सामर्थ्यात होते. फड्याचा कोणताही तुटका पेर जमिनीवर पडला की मूळ धरतो. रयतेने कुदळीने बन तोडावे, फडे बांधापलीकडे फेकावेत, आणि पहिल्या पावसानंतर एका झाडाच्या जागी पन्नास उभी राहावीत. तोडणे हीच त्याची पेरणी होती. दक्षिणेत त्याचा निकाल लागला तो 1926 साली लंकेमार्गे आणलेल्या, पहिल्याच्या भावकीतील दुसऱ्या एका किड्याने. कापसासारखे पांढरे पुंजके फड्यावर दिसू लागले आणि पाच-सहा वर्षांत अफाट बने जागच्या जागी झडून गेली.

जे सामर्थ्य शेतात शाप ठरले तेच बागेत वरदान ठरले. तुकड्याने जगणाऱ्या झाडावर दुसऱ्या झाडाचा तुकडाही जगतो. कलम हा शब्द आपण फारसीकडून घेतला. लेखणीही कलम, कायद्याचा परिच्छेदही कलम आणि आंब्याचेही कलमच. आंब्याचे भेट कलम बांधून महिनोन् महिने वाट पाहणाऱ्या कोकणी माळ्याला निवडुंगाचे कलम पोरखेळ वाटेल: खुंटाचा शेंडा धारदार पात्याने आडवा कापावा, कडा उतरत्या तासाव्यात, वर बसवायच्या गोळ्याचा तळही तसाच कापावा, दोहोंच्या मधोमध दिसणारे रसवाहिन्यांचे वर्तुळ एकमेकांवर निदान काही भागात तरी पडेल असे पाहावे आणि रबराने किंवा दोऱ्याने घट्ट आवळावे. चार-आठ दिवसांत सांधा जुळतो. दख्खनच्या पावसाळ्यात स्वतःच्या मुळांवर कुजून जाणाऱ्या कितीतरी नाजूक जाती रांगड्या खुंटावर तरतात, त्या याच युक्तीने.

या कलेची परमावधी जपानमध्ये झाली. पॅराग्वेकडील एका छोट्या गोल निवडुंगाची रोपे वाढवीत असता 1941 साली एइजी वातानाबे यांना त्यांत काही तांबडी रोपे आढळली. त्यांत हरितद्रव्य नव्हते. म्हणजे सूर्यप्रकाशातून अन्न करण्याची शक्तीच नव्हती, आणि एरवी ती थोड्याच दिवसांत मेली असती. त्यांनी ती हिरव्या खुंटावर चढविली. रोपवाटिकेत तीन धारांच्या हिरव्या दांड्यावर बसवलेला जो लाल, पिवळा किंवा नारिंगी गोळा दिसतो, तो त्या रोगट रोपांचा वंश. त्याला स्वतःचे बी पेरून जगता येत नाही, मुळावर उभे राहता येत नाही. जन्मभर दुसऱ्याच्या घरचे जेवतो आणि कौतुक मात्र त्याचेच होते. ज्या खुंटाच्या जिवावर तो जगतो, तो बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाचा असतो, आणि त्या वेलाचे मळे आता सांगली-सोलापूरकडे सिमेंटच्या खांबांवर उभे आहेत. दुष्काळी तालुक्यांत अमेरिकन निवडुंग पुन्हा आला, या खेपेस सन्मानाने.

आणि ज्याला आपण निवडुंग म्हणतच नाही, असाही एक या कुळातला पाहुणा घराघरांत आहे. पावसाळ्याच्या रात्री गच्चीवर ब्रह्मकमळ उमलते, शेजारीपाजारी हळदकुंकू घेऊन जमतात, पहाटेपर्यंत ते मिटते. खरे ब्रह्मकमळ हिमालयातले, सूर्यफुलाच्या कुळातले; आपल्या कुंडीतले झाड मेक्सिकोकडील निवडुंग आहे. त्याचे पान म्हणून आपण जे लावतो ते पान नसून चपटे खोड होय. फड्याच्या पेराप्रमाणे तेही तुकड्यातूनच जगते, म्हणून ते विकत घ्यावे लागत नाही. मागून आणावे लागते आणि मागणाऱ्याला द्यावे लागते. आपल्या घरी कोणी ते मागायला आले, तर पान देताना एवढे आवर्जून सांगावे, की कापलेली बाजू आठ दिवस सावलीत वाळू द्या, मगच ती दोन बोटे मातीत खोचा आणि पाणी बेताने घाला. ओली जखम मातीत गेली तर ते कुजते.