जिप्सीला घरपट्टी लागते का?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत भाड्याच्या गाडीचा व्यवसाय प्रामुख्याने दोन रूपांत आढळतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव आदी प्रवेशद्वारांवर पहाटेच रांग लावणाऱ्या उघड्या जिप्सी हे त्याचे पर्यटकांना परिचित असलेले रूप. दुसरे रूप गडचिरोलीच्या अंतर्भागात दिसते. जिल्ह्यात रेल्वे अनेक दशके वडसा या एकाच स्थानकापुरती होती. त्यामुळे तालुक्याहून तालुक्याला जाणारी काळी-पिवळी आणि लग्नकार्याला, दवाखान्याला किंवा कचेरीच्या कामाला ठरवून नेलेली गाडी, यांवर लोकांची मोठी भिस्त राहिली आहे.

या गाड्या गावाच्या रस्त्यावर उभ्या राहतात, गावाच्या पाण्याने धुतल्या जातात आणि त्यांच्यासोबत आलेल्या प्रवाशांचा कचरा गावालाच उचलावा लागतो. घराला पट्टी, पानठेल्याला पट्टी, मग चार गाड्या भाड्याने देणाऱ्याला का नाही, हा प्रश्न त्यामुळे साहजिक ठरतो. त्याचे कायदेशीर उत्तर थोडक्यात असे, की मालमत्ता कर जागेला लागतो, गाडीला लागत नाही. मात्र या उत्तराने स्थानिक स्वराज्य संस्थांचे समाधान होत नाही, आणि ते का होत नाही हे समजून घेण्यासारखे आहे.

कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो. सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत जमीन व इमारतींवरील कर ४९ व्या नोंदीत, वाहनांवरील कर ५७ व्या नोंदीत आणि व्यवसाय, व्यापार व नोकरीवरील कर ६० व्या नोंदीत आहे. या तीन वेगवेगळ्या चुली आहेत. राज्याने विधिमंडळाच्या कायद्याने जी चूल स्थानिक संस्थेच्या स्वाधीन केली असेल, तेवढीच तिला पेटवता येते. अनुसूचित क्षेत्रातील गावेही याला अपवाद नाहीत. पेसा कायद्याने, म्हणजे १९९६ च्या केंद्रीय अधिनियमाने, ग्रामसभेला अनेक अधिकार दिले, पण वाहनकर बसवण्याचा अधिकार त्यांत नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे (१९५८) कलम १२४ या दृष्टीने मुळातून वाचावे. ग्रामपंचायतीला इमारतींवर कर बसवता येतो, मग ती इमारत शेतसाऱ्याच्या जमिनीवर असो वा नसो. जमिनीवर मात्र ती शेतसाऱ्यास पात्र नसेल तरच कर बसतो. वाहनांच्या बाबतीत हा कायदा सायकली आणि जनावरांनी ओढलेल्या गाड्या यांचा उल्लेख करतो. थोडक्यात, मोहर्लीच्या ग्रामपंचायतीला बैलगाडीवर कर बसवता येईल, पण तिच्या शेजारी उभ्या असलेल्या जिप्सीवर नाही! नगर परिषदांचा १९६५ चा अधिनियमही वाहनकराची तरतूद करताना मोटारगाड्यांना वगळूनच बोलतो. गडचिरोली आणि देसाईगंज या नगर परिषदा, तसेच २०१५ च्या सुमारास नगरपंचायती झालेली अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा यांसारखी तालुक्याची गावे याच कायद्याखाली येतात. चंद्रपूर शहरात २०११ मध्ये महानगरपालिका आली आणि तिच्याबरोबर वेगळा अधिनियम आला, तरी मोटारीवरील कर राज्याकडेच राहिला.

मग जागेवरील कर किती आणि कसा? शहरी भागात रूढ पद्धत करयोग्य मूल्याची आहे. जागा भाड्याने दिल्यास वर्षाला जे वाजवी भाडे येईल, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर ठरलेल्या दराने कर आकारायचा. समजा, एखाद्या गॅरेजला महिना ५,००० रुपये भाडे येऊ शकते. वार्षिक भाडे ६०,००० रुपये, वजावट ६,०००, करयोग्य मूल्य ५४,००० रुपये. त्या गॅरेजमध्ये एक गाडी उभी राहते की सहा, याने या हिशेबात काहीही फरक पडत नाही. ग्रामीण भागात ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने ग्रामपंचायत कर व फी नियमांत सुधारणा होऊन भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आली. तीत इमारतीचा वापर निवासी आहे की वाणिज्यिक, याला महत्त्व आहे.

खरी मेख येथेच आहे. गाड्या भाड्याने देणाऱ्याचे कार्यालय बहुधा राहत्या घराच्या पडवीत असते आणि गाड्या अंगणात किंवा शेताच्या कडेला उभ्या राहतात. अंगणासह घराची नोंद 'निवासी' म्हणून होते. शेत अकृषिक झालेले नसेल, तर जमीन म्हणून त्यावर ग्रामपंचायतीला कर बसवता येत नाही. उलट, याच गावात पर्यटकांसाठी बांधलेले रिसॉर्ट पक्के, मोजता येण्याजोगे आणि उघडपणे वाणिज्यिक असते, म्हणून ते आकारणीच्या यादीत सहज सापडते. एकाच पर्यटनावर चालणाऱ्या दोन धंद्यांपैकी एक कराच्या कक्षेत पूर्ण येतो, तर दुसरा जवळजवळ येतच नाही. यात अन्याय आहे असे रिसॉर्टचालकास वाटले तर नवल नाही. पण दुसरी बाजूही आहे. बहुतेक जिप्सी स्थानिक रहिवाशांच्या आहेत, अनेकांनी त्या कर्ज काढून घेतल्या आहेत आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद झाले की त्यांची चाके बहुतांशी थांबतात. बारमाही खोल्यांचा धंदा आणि हा धंदा एका मापाने मोजणे योग्य ठरणार नाही.

'मालमत्ता' या शब्दाचा अर्थ न्यायालयांनी ताणला आहे हे खरे. अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मोबाइल मनोरे हे ४९ व्या नोंदीतील 'इमारत' या संज्ञेत बसतात, असा निर्णय दिला. त्यावरून एखाद्याने गाड्यांचा ताफाही मालमत्ताच का मानू नये, असे म्हणावे. परंतु मनोरा जमिनीला खिळलेला असतो, गाडी नसते. शिवाय गाडीसाठी घटनेत ५७ वी स्वतंत्र नोंद असल्याने हा युक्तिवाद फार दूर जाईल असे वाटत नाही.

गाडीवरचा पैसा जातो कोठे? चंद्रपूरची एमएच-३४ आणि गडचिरोलीची एमएच-३३ ही नोंदणी करतानाच मोटार वाहन कर १९५८ च्या कायद्यानुसार राज्याच्या तिजोरीत भरला जातो. पर्यटक परवान्याची व्यवस्था २०२१ च्या नियमांनी देशपातळीवर एकत्र आणली. व्यवसाय कर १९७५ पासून राज्य घेते, आणि त्याची कमाल मर्यादा घटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार वर्षाला २,५०० रुपये आहे. भाड्याच्या रकमेवरील कर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात सामावला गेला. या साखळीत ग्रामपंचायतीचे नाव थेट कोठेही येत नाही. नागपूरच्या एमएच-३१ क्रमांकाच्या गाडीने पर्यटक आला, तर स्थानिक संस्थेचा संबंध आणखीच पातळ होतो.

चालकाविना गाडी भाड्याने देण्याच्या व्यवसायासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ७५ खाली १९८९ मध्ये रेंट-अ-कॅब योजना आली. तिच्यानुसार परवान्यासाठी किमान ५० गाड्या आणि त्या उभ्या करण्यास पुरेशी जागा हवी. अशी जागा असती, तर तिच्यावर मालमत्ता कर बसवणे सोपे झाले असते. वनजिल्ह्यांतील एक-दोन गाड्यांच्या मालकांना मात्र ही योजना लागू पडत नाही.

व्यवसायाच्या उलाढालीवरच स्थानिक उपकर बसवावा, ही कल्पना एकदा राष्ट्रीय पातळीवर गंभीरपणे पुढे आली होती, आणि ताडोबा थेट तिच्या कक्षेत होता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०११ मध्ये संरक्षित क्षेत्रांतील निसर्ग पर्यटनाच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला. त्यात सीमेपासून पाच किलोमीटरच्या आतील खासगी पर्यटन सुविधांवर उलाढालीच्या प्रमाणात 'स्थानिक संवर्धन उपकर' सुचवला होता. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ठेवलेल्या मसुद्यात तो किमान दहा टक्के होता. त्याच महिन्यात, २४ जुलै रोजी, न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली आणि वाद तापला. पर्यटन व्यावसायिकांनी व काही राज्यांनी आक्षेप घेतले. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या अंतिम सूचना आल्या, १६ ऑक्टोबरला बंदी उठली, पण उलाढालीवरील दहा टक्के मात्र गळाले. त्यांच्या जागी राज्य सरकारने पर्यटन उद्योगाकडून 'संवर्धन शुल्क' घ्यावे, त्याचा दर राज्यानेच ठरवावा आणि ते राज्याच्या महसुलात न टाकता परिसर विकास व स्थानिकांच्या उन्नतीसाठी वापरावे, अशी योजना झाली. कर आणि शुल्क यांतील फरक येथे स्पष्ट होतो. कर तिजोरीत मिसळून जाऊ शकतो, तर शुल्काला त्याच्या मोबदल्यात काय मिळते याचा हिशेब द्यावा लागतो. हा बदल कायद्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच होता, कारण उलाढालीवरील उपकर स्थानिक संस्थेच्या कोणत्या अधिकारात बसवायचा, याचे उत्तर मसुद्यात समाधानकारक नव्हते.

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्याचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे जंगम मालमत्तेवरही मालमत्ता कर असतो, त्यामुळे भाड्याच्या मोटारींवर तो खरोखरच लागत असे. पण मालमत्तेची आकारणी १ जानेवारीच्या स्थितीवरून होते, आणि भाड्याची गाडी त्या दिवशी कोणत्या काउंटीची मानायची हा डोकेदुखीचा विषय होता. अखेर २००० मध्ये राज्याने अल्प मुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांना मालमत्ता करातून वगळले आणि त्याऐवजी काउंटी व शहरांना भाड्याच्या एकूण उत्पन्नावर दीड टक्क्यापर्यंत कर बसवण्याची मुभा दिली. ज्या राज्यात गाडीवर मालमत्ता कर बसवता येत होता, त्यानेही तो सोडून भाड्याच्या पावतीकडे मोर्चा वळवला. आपल्याकडे ती पावती वस्तू व सेवा कराने आधीच व्यापली आहे.

तरीही स्थानिक संस्थांचे हात पूर्णपणे बांधलेले नाहीत. अकृषिक झालेल्या मोकळ्या जागेवर गाडीतळ चालत असेल, तर ती जागा आकारणीत येऊ शकते. घराचा जो भाग प्रत्यक्षात कार्यालय वा गॅरेज आहे, तेवढ्याचीच नोंद वाणिज्यिक करता येते. सबंध घराची करू नये. सार्वजनिक जागेत वाहनतळ बांधून त्याचे शुल्क घेणे हा सर्वांत सरळ मार्ग, पण त्यासाठी आधी तळ बांधावा लागतो. नुसती पावती फाडणे म्हणजे शुल्क नव्हे. याशिवाय १०१ व्या घटनादुरुस्तीने (२०१६) मनोरंजन व करमणुकीवरील कर केवळ पंचायत किंवा नगरपालिका आकारतील तेवढ्यापुरताच शिल्लक ठेवला आहे. जंगल सफारी ही करमणूक मानायची का, हा प्रश्न पर्यटनाच्या गावांत कधी तरी उपस्थित होणारच. तेव्हाही राज्याच्या कायद्याचा आधार लागेल आणि भार जिप्सीमालकावर नव्हे, तर पर्यटकाच्या तिकिटावर पडेल.

गडचिरोलीचा विचार करताना आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. तेथील अनेक गावांत उत्पन्नाचे मोठे साधन कर नसून जंगल आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. अशा गावात रुग्णाला तालुक्याला नेणारी एखादी गाडी कराने महाग करण्यापेक्षा ती चालू राहणे गावाला अधिक मोलाचे वाटेल.

ग्रामपंचायत व नगर परिषद क्षेत्रात आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते आणि ती अंतिम होण्यापूर्वी हरकती मागवल्या जातात. आपल्या घराची नोंद गाड्यांमुळे वाणिज्यिक झाली आहे असे आढळल्यास मालकाने त्याच मुदतीत लेखी हरकत नोंदवावी, आणि तीत प्रत्यक्ष वापरातील जागेचे क्षेत्रफळ स्वतंत्रपणे दाखवावे.