नेमणुकीबाहेरील उद्योग आणि परवानगी : बार्शी लाइट रेल्वेच्या उगमासंबंधी एक टिपण

वैराग हे सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातील मोठे गाव, बार्शीच्या आग्नेयेस सोलापूरच्या वाटेवर वसलेले आहे. बार्शी लाइट रेल्वेचे रूळ या गावापर्यंत कधी आले नाहीत. तथापि ज्या बार्शीच्या बाजारपेठेशी त्याचा निकटचा संबंध, तिचे दळणवळण या छोट्या गाडीने पालटले. या रेल्वेचा आरंभ एका परदेशस्थ नोकरदाराने नेमणुकीबाहेरील कामासाठी मागितलेल्या रजेपासून होतो. त्या रजेचा अर्थ काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

बाहेरून आलेल्या माणसाने हिंदुस्थानात राहावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ईस्ट इंडिया कंपनीने दीर्घकाळ आपल्या हाती ठेवला होता. गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले, तेव्हा परवान्याअभावी त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला होता. इंग्रज प्रजाजनांपुरते हे बंधन १८३३ च्या सनदी कायद्याने पुष्कळ अंशी सैल केले. पुढील काळात इंग्रज कर्मचाऱ्यास सरकारी परवान्यापेक्षा मालकाशी केलेला करारच अधिक बांधून ठेवू लागला.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंजिनिअर १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. त्याचे नेमलेले काम इंजिनांचे. मनातली योजना मात्र मुख्य मार्गांस माल व उतारू पुरविणाऱ्या अरुंद फाट्यांची होती. १८८६ च्या सुमारास त्याने अशा मार्गांच्या पाहणीसाठी रजा मागितली. ही मागणी कंपनीच्या हिताविरुद्ध नव्हती. कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचे 'बार्शी रोड' स्थानक, कंपनीच्याच मार्गावर होते. फाट्यावरून येणारा माल अखेर तिच्याच डब्यांत चढणार होता.

परंतु मालकाची अनुमती मिळाली म्हणजे काम मोकळे झाले, असे नव्हे. १८८७ साली लंडनमध्ये इंडियन फीडर लाइन्स कंपनीची नोंदणी झाली, तरी सरकारशी वाटाघाटी १८९५ पर्यंत रेंगाळल्या. दरम्यान कॅलथ्रॉपने जुनी नोकरी सोडून सल्लागाराचा व्यवसाय पत्करला. १८९७ साली अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला. त्याने आसावरील भार पाच टनांवर मर्यादित ठेवल्यामुळे हलक्या रुळांवरही मोठी वाहतूक शक्य झाली. पुढे या मार्गाचे फाटे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत पोहोचले. १९५४ साली ही रेल्वे सरकारने विकत घेतली.

या वृत्तान्तात दोन परवानग्या स्पष्टपणे वेगळ्या दिसतात : स्वतःचा वेळ अन्यत्र देण्याची मालकाची अनुमती, आणि ते काम उभारण्याची राज्यसत्तेची अनुमती. पहिली काही काळ रजेने साधली. दुसरीस सुमारे आठ वर्षे लागली. आज नोकरीच्या व्हिसावर भारतात आलेल्या परदेशी व्यक्तीचा मुक्काम सामान्यतः विशिष्ट मालकाच्या कामाशीच जोडलेला असतो. साहजिकच नेमणुकीबाहेर पाऊल टाकताना नोकरीबरोबर निवासाचा हक्कही पणास लागतो. कॅलथ्रॉपपुढे नोकरी गमावण्याची शक्यता होती, देश सोडावा लागण्याची नव्हती. राज्यकर्त्यांच्या जातीचा असल्यामुळे त्यास हे मोकळेपण लाभले होते, हे त्याच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन करताना दृष्टीआड करता येत नाही.